नुसत्या झगमगाटाने कोण शिकतं?
शिकवणाऱ्या व्हिडिओंवरच्या लेखात म्हटलंय की ॲनिमेशन जितकं भारी तितके लोक व्हिडिओवर टिकतात, हे काही पटलं नाही बुवा. ग्रँट सँडरसनचं गणिताचं यूट्यूब चॅनल थ्री ब्लू वन ब्राउन बघा ना, 2015 पासून चालूय, काळ्या पडद्यावर रेषा, बाण, आलेख, बाकी झगमगाट शून्य, पण हलणारी प्रत्येक गोष्ट काहीतरी समजावून जाते म्हणून लोक बघतात, आणि त्याने त्यासाठी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं मॅनिम हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकटात मिळतं. उलट बरेच जण जे बोलतात तेच वाक्य स्क्रीनवर चिकटवतात, वर म्युझिक!! मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत दिसलंय की चित्र आणि आवाज असताना तोच मजकूर परत दाखवला तर शिकणं कमी होतं (सबटायटल्स हवेतच, पण चालू-बंद करता येणारे). आवाज आधी रेकॉर्ड करा, चित्रं मग त्यावर बसवा, बरीच डोकेदुखी वाचते.

प्रेक्षकांची कम्युनिटी जमवण्याचं म्हणाल तर 'कसं वाटलं कमेंटमध्ये सांगा' म्हटलं की 'मस्त सर' एवढंच येतं. त्यापेक्षा एखादं उदाहरण अर्धवट सोडा, उत्तरं येऊ द्या आणि चुकलेल्या उत्तरावर, कुणाचं नाव न घेता, पुढचा व्हिडिओ करा, मग लोक आपापसातच समजवायला लागतात.