‘गोळ्या यंत्र मोजतं, फार्मासिस्ट नुसता बटण दाबतो’: हे खरं नाही

टपालाने औषधं पाठवणाऱ्या फार्मसीबद्दल एक दावा सतत पुढे ढकलला जातो: तिथे सगळं यंत्र करतं, फार्मासिस्ट पडद्यावर ‘मंजूर’ दाबत बसतो, रुग्णाशी संबंध नाही, पार्सल गेलं की काम संपलं.

गोळ्या मोजण्यात यंत्र माणसापेक्षा अचूक असतं, हे मान्य. पण यंत्राच्या कप्प्यात चुकीची गोळी भरली गेली, तर मोजणी बरोबर येते आणि त्यापुढची प्रत्येक बाटली चुकीची निघते. म्हणून भरताना डबीचा बारकोड कप्प्याच्या बारकोडशी जुळवतात आणि शेवटी फार्मासिस्ट गोळीचा रंग, आकार, तिच्यावरचा ठसा पाहतो.

‘मंजूर’च्या आधीचं काम तर दिसतच नाही. मूळ चिठ्ठी आणि संगणकात भरलेली नोंद शेजारी ठेवून नाव, जन्मतारीख, औषध, मात्रा, दिवस ओळीने ताडायचे. युनिटसाठी लिहिलेलं इंग्रजी ‘यू’ शून्यासारखं दिसलं की १० युनिट इन्सुलिनचे १०० होतात. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घेतात. नोंदीत ‘रोज’ पडलं तर जीव जाऊ शकतो. त्यात पार्सल बहुधा ९० दिवसांचं असतं. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेणाऱ्याला कोट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक आलं की रक्तस्रावाचा धोका वाढतो. संगणक तसा इशारा देतो, पण किरकोळ बाबींवरही देतो, आणि दिवसभर इशारे बघून नजर मरते. या कामातला खरा धोका आमच्या मते हाच आहे. शंका आली की ऑर्डर रोखून डॉक्टरांना फोन करावा लागतो, आणि इकडे रुग्णाच्या गोळ्या संपत आलेल्या असतात.

रुग्ण समोर नसतो, म्हणून फोनवर प्रश्न नीट विचारावा लागतो. ‘रोज एकच घेता ना?’ याला उत्तर ‘हो’च येतं. ‘ही गोळी कशी घेता?’ असं विचारलं की चूक सापडते.

पार्सलचं म्हणाल, तर न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं. थंडाव्यासाठी खोक्यात ठेवलेली गोठलेली जेलची पिशवी कुपीला थेट टेकली तर इन्सुलिन गोठतं. वितळल्यावर ते पुन्हा नेहमीसारखं दिसू शकतं, पण त्याचा भरवसा उरत नाही, टाकूनच द्यावं लागतं. म्हणून मध्ये पुठ्ठा घालतात, आणि सुट्टीत खोका गोदामात अडकेल अशा दिवशी तो पाठवतच नाहीत.