पाच लाख डॉलरचं कव्हर आणि आतलं सबलिमिटचं पान: एका काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली, आणि तिथेच खाली चार ओळींत उत्तर देऊन भागण्यासारखं नव्हतं म्हणून इथे सविस्तर लिहितेय. बाकीच्यांसाठी काकांचं म्हणणं थोडक्यात सांगते: आई-वडिलांच्या अमेरिका ट्रिपसाठी ट्रॅव्हल इन्श्युरन्स कसा बघायचा या लेखात मी ज्या प्लॅनबद्दल "साठीच्या पुढच्यांनी घेऊ नका" असं लिहिलं, त्या कंपनीचा क्लेम सेटलमेंट रेशो, म्हणजे आलेल्या क्लेमपैकी किती मंजूर केले ते प्रमाण, ९८ टक्के आहे, कव्हर पाच लाख डॉलरचं आहे, प्रीमियम निम्मा आहे, आणि तरी मी लोकांना एक लाख डॉलरवाला महाग प्लॅन सुचवते म्हणजे कुठेतरी कमिशन असणारच. शिवाय काका स्वतः याच पॉलिसीवर मुलीकडे न्यू जर्सीला जाऊन आलेत, काही झालं नाही, मुलाकडे जर्मनीला जाताना त्याच कंपनीची पॉलिसी व्हिसालाही चालली, आणि बीपी-शुगर फॉर्ममध्ये लिहा असं सांगून मी प्रीमियम वाढवायला लावते, म्हाताऱ्या माणसांना उगाच घाबरवते.

कमिशनचं आधी. मी एजंट नाही, माझ्या लेखात कुठल्याही कंपनीची लिंक नाही, कोणी पॉलिसी घेतली किंवा नाही घेतली तरी मला एक रुपया मिळत नाही. तुम्ही विचारलंत ते बरंच केलंत, पैशाच्या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला हे विचारायलाच हवं.

आता मुख्य मुद्दा, पाच लाख विरुद्ध एक लाख. तुम्ही बँकेत होतात, तुम्हाला आकड्यांची भीती नाही, म्हणून आकड्यांतच सांगते. पाच लाख डॉलर हा पॉलिसीच्या पहिल्या पानावरचा आकडा आहे. त्या प्लॅनमध्ये ज्यांचं वय साठच्या वर आहे त्यांच्यासाठी आत वेगळा तक्ता असतो, सबलिमिटचा, म्हणजे कुठल्या खर्चाला जास्तीत जास्त किती देणार याचा, आणि क्लेम आला की हिशोब त्या तक्त्यावरून होतो. असल्या एका पॉलिसीतला तक्ता आत्ता माझ्यासमोर उघडा आहे: रूमसाठी दिवसाला जास्तीत जास्त १५०० डॉलर, सर्जरीसाठी एकूण १०,०००, भूल देणाऱ्या डॉक्टरसाठी सर्जरीच्या रकमेच्या २५ टक्के, डॉक्टरच्या व्हिजिटला दिवसाला ७५, सगळ्या तपासण्यांना मिळून ५००, अॅम्ब्युलन्सला ४००. आता समजा जानेवारीत बर्फावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं, जे या वयात अगदी होण्यासारखं आहे आणि ज्याचा बीपी-शुगरशी काही संबंध नाही म्हणजे आधीच्या आजाराचा वादही नाही. ऑपरेशन झालं, पाच दिवस हॉस्पिटलमध्ये. रूमचे ७५००, सर्जरीचे १०,०००, भुलीचे २५००, व्हिजिटचे ३७५, तपासण्यांचे ५००, अॅम्ब्युलन्सचे ४००. बेरीज २१,२७५ डॉलर, आणि त्यातूनही डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आधी आपण सोसायची ठरावीक रक्कम, वजा होणार. हॉस्पिटलचं बिल साठ हजारांचं आलं तरी कंपनी देणार एवढेच, पन्नास हजारांचं आलं तरी एवढेच. पाच लाख कव्हर असताना उरलेले तीस-चाळीस हजार डॉलर, म्हणजे आपले पंचवीस-पस्तीस लाख रुपये, मुलीने भरायचे.

आणि कंपनीने यात काहीही फसवलेलं नाही हो, सगळं लिहिलेलं असतं, सही आपणच केलेली असते. म्हणूनच मी विनासबलिमिट एक लाखवाला प्लॅन सुचवला. तिथे तेच साठ हजारांचं बिल डिडक्टिबल सोडून, पॉलिसीच्या नियमात बसत असेल तर, पूर्ण देता येतं. विनासबलिमिट पाच लाख परवडत असेल तर उत्तमच, तेच घ्या. पण सबलिमिटवाले पाच लाख आणि विनासबलिमिट एक लाख यात निवडायचं झालं तर मी माझ्या आई-बाबांसाठी दुसराच निवडेन.

क्लेम रेशोचं बघू. ९८ टक्के वगैरे जे आकडे आपण जाहिरातीत बघत आलो ते मुळात आयुर्विम्याचे, माणूस गेल्यावरच्या क्लेमचे. तिथे रक्कम ठरलेली असते, क्लेम मंजूर झाला की पन्नास लाख म्हणजे पन्नास लाख. ट्रॅव्हलमध्ये तसं नसतं, साठ हजारांच्या बिलावर एकवीस हजार दिले तरी कागदावर तो क्लेम "सेटल" झालेलाच असतो. म्हणून हा रेशो खोटा नसूनही आपल्या कामाचा नाही. आणि जनरल इन्श्युरन्स कंपनीचा एकच एक आकडा कुणी दाखवत असेल तर त्यात गाडीचे, आगीचे, मेडिक्लेमचे, सगळेच क्लेम आले.

खरंच बघायचं असेल तर कंपनीच्या वेबसाइटवर सगळ्यात खाली "पब्लिक डिस्क्लोजर्स" असतं तिथे जा. इर्डाने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, प्रत्येक कंपनीला हे फॉर्म टाकायला लावलेत. त्यातला एनएल-३७ उघडा, क्लेम्स डेटा. त्यात फायर, मरीन, मोटर, हेल्थ असे कॉलम करत करत "ट्रॅव्हल" असा वेगळा कॉलम येतो. तिमाहीत किती क्लेम आले, किती दिले, किती नाकारले, किती पेंडिंग, आणि जे पेंडिंग आहेत ते किती महिन्यांपासून. दिले आणि नाकारले या दोन आकड्यांची तुलना करा, दोन-तीन कंपन्यांची करा, एकाच तिमाहीवर जाऊ नका. मग एनएल-४५ बघा, तक्रारींचा. बँकेतल्या माणसाला हे फॉर्म वाचायला दहा मिनिटं पुरतील. यातूनही प्रत्येक क्लेममागे किती टक्के रक्कम मिळाली ते कळत नाही, ते कळण्यासाठी परत सबलिमिटचं पानच वाचावं लागतं.

आता बीपी-शुगर, कारण तुमच्या प्रतिक्रियेतलं हे एकच वाक्य वाचून मला खरंच काळजी वाटली. "एजंटने सांगितलं लिहू नका, विचारत नाही कोणी." काका, घेताना कोणी विचारत नाही हे खरंय. क्लेम आल्यावर विचारतात. अमेरिकेतल्या हॉस्पिटलमध्ये अॅडमिट होताना पहिला प्रश्न असतो कुठली औषधं चालू आहेत, तुम्ही किंवा काकू खरं ते सांगणार, सांगायलाच हवं, ते केसपेपरवर येतं आणि तोच केसपेपर कंपनीकडे जातो.

याच विषयावर सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर २०२१ चा एक निकाल आहे. २००९ साली एक गृहस्थ युनायटेड इंडिया या विमा कंपनीची ओव्हरसीज मेडिक्लेम पॉलिसी घेऊन नात्यातल्या लग्नाला अमेरिकेला गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरले आणि तिथेच घाम, अशक्तपणा, मग हॉस्पिटल, अँजिओप्लास्टी, तीन स्टेंट. कंपनीने क्लेम नाकारला, कारण दिलं की डायबेटिस आणि कोलेस्टेरॉल आधीपासूनचं आहे आणि स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉलची, गोळी चालू होती ती सांगितली नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगातही ते हरले. शेवटी न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. नागरत्ना यांच्या खंडपीठाने निकाल त्यांच्या बाजूने दिला, कारण डायबेटिस असल्याचं त्यांनी फॉर्ममध्ये लिहिलं होतं, पॉलिसीआधी त्यांची वैद्यकीय तपासणी झाली होती, आणि कोर्टाचं म्हणणं असं की माणसाने सांगितलेला आजार माहीत असून, तब्येत तपासून एकदा पॉलिसी दिलीत की मग त्याच आजारावर बोट ठेवून क्लेम नाकारता येणार नाही. आता विचार करा, त्यांनी एजंटचं ऐकून डायबेटिसचा रकाना कोरा सोडला असता तर कोर्टात उभं राहायला काय उरलं असतं? आणि लिहिलेलं असूनही २००९ पासून २०२१ पर्यंत भांडावं लागलं, हेही विसरू नका. त्यामुळे गोळ्यांची नावं डोससकट लिहा, कोलेस्टेरॉलची असेल तीही, आणि भरलेल्या फॉर्मची कॉपी ईमेलवर मागून घ्या. एजंटने तुमच्या वतीने ऑनलाइन काय टिक केलंय ते बघितल्याशिवाय पैसे भरू नका. वाढलेला प्रीमियम मला जास्त वाटत नाही, त्या पैशात तुम्ही क्लेमच्या वेळी नजर वर करून बोलण्याची सोय करून ठेवता.

लिहिलं म्हणजे सगळं कव्हर झालं असंही नाही, हे माझ्या लेखात होतं पण परत सांगते. बऱ्याच पॉलिसींमध्ये आधीपासूनचे आजार बाहेरच असतात, किंवा फक्त जीवावर बेतलं तरच आणि तेही ठरावीक रकमेपर्यंत. "जीवावर बेतलं" ची व्याख्या शोधून वाचा. अमेरिकन कंपनीची व्हिजिटर पॉलिसी घेतलीत तर तिथे "अॅक्यूट ऑनसेट" असा शब्द दिसेल, म्हणजे अचानक उद्भवलेला त्रास, आणि त्याला वयाची आणि किती तासांत उपचार घेतले याची अट असते. तिथेही दोन जाती आहेत, फिक्स्ड बेनिफिट आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह. फिक्स्ड बेनिफिट म्हणजे वर सांगितलेला सबलिमिटचाच प्रकार, कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे साधारण विनासबलिमिटसारखा.

जर्मनीच्या व्हिसाला पॉलिसी चालली हे बरोबर आहे आणि चालणारच होती. जर्मनी ज्यात येतो त्या युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसा नियमात किमान ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर, सगळ्या शेंगेन देशांत लागू, आणि आजारपणात किंवा मृत्यू झाल्यास परत आणण्याचा खर्च एवढं बघतात. व्हिसा ऑफिसर तेवढी अट पूर्ण झाली का ते तपासतो, तुमच्या वयाला लागू होणारं सबलिमिट तपासणं त्याचं काम नाही.

आणि "दोघे जाऊन आलो, काही झालं नाही" याचा मला मनापासून आनंद आहे, पुढच्या वेळीही तसंच होवो. पण त्यावरून पॉलिसी चांगली होती की वाईट हे ठरत नाही, कारण ती वापरावीच लागली नाही. मी ज्यांच्याशी बोलले त्यात कंपनीला नावं ठेवणारे आणि कंपनीचे आभार मानणारे दोन्ही आहेत, आणि दोन्ही बाजूंचे लोक हॉस्पिटलची पायरी चढलेले आहेत. ज्यांना पैसे नीट मिळाले त्यांच्यात एक गोष्ट मला सारखी दिसली, त्यांनी अॅडमिट होतानाच पॉलिसीवरच्या असिस्टन्स नंबरला फोन करून केस नंबर घेतला होता, नंतर बिल घेऊन गेले नाहीत. तो नंबर तुमच्या फोनमध्ये आणि मुलीच्या फोनमध्येही सेव्ह करून ठेवा.

सामानाच्या कव्हरवरून पॉलिसी निवडू नका. बॅग हरवली तर विमानतळ सोडायच्या आधी एअरलाइनच्या काउंटरवरून पीआयआर, म्हणजे बॅग हरवल्याचा रिपोर्ट, घेतलाच पाहिजे, त्याशिवाय विमा कंपनी दारात उभं करत नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल करारामुळे एअरलाइनवरही जबाबदारी असते, बॅगेचं नुकसान झालं तर सात दिवसांत लेखी तक्रार द्या, बॅग उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत. दागिने बॅगेत टाकू नका, ते बहुतेक पॉलिसींत बसत नाहीत.

भारतीय कंपनीची पॉलिसी घ्यायचा एक मोठा फायदा मात्र आहे, आणि तो तुमच्या बाजूचा मुद्दा आहे म्हणून आवर्जून सांगते. क्लेम अडला तर विमा लोकपालाकडे जाता येतं. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर लोकपाल, एका वर्षाच्या आत. पन्नास लाख रुपयांपर्यंतचे वाद ते बघतात, फी नाही, वकील लागत नाही, नाशिकसारख्या ठिकाणच्या लोकांना पुण्याचं ऑफिस. अमेरिकन कंपनीने नकार दिला तर हा रस्ता नाही, तिकडे भांडायचं तर मुलीला तिकडे धावावं लागेल.

तुम्ही लिहिलंय की नोव्हेंबरमध्ये परत जाताय आणि पॉलिसी पुढच्या आठवड्यात घेणार. वर्षापेक्षा कमी मुदतीच्या पॉलिसीला फ्री लुक पिरियड नसतो, म्हणजे मेडिक्लेमसारखं "घेतली, वाचली, आवडली नाही, परत केली" असं करता येत नाही, म्हणून वाचायचं ते पैसे भरायच्या आधी. ज्या प्लॅनचा विचार करताय त्याच्या माहितीपत्रकावर यूआयएन म्हणून एक नंबर छापलेला असतो, तेवढा मला मेसेज करा, सोबत तुमचं आणि काकूंचं वय आणि चालू औषधं. प्रपोजल नंबर, पासपोर्ट, फोन नंबर वगैरे काही पाठवू नका. मी त्या प्लॅनचं पूर्ण वर्डिंग काढून सबलिमिट आणि प्री-एक्झिस्टिंगची, म्हणजे आधीपासूनच्या आजारांची, पानं वाचते आणि काय दिसलं ते रविवारपर्यंत कळवते.