‘तुमचा हात काय आहे ते दिसलंच’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

बोलिंगवरच्या माझ्या ‘दोन बॉल, तीन ऑइल पॅटर्न’ या लेखावरची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. काल पुन्हा वाचली. आज उत्तर लिहायला बसले आहे. नाव घातलेलं नाहीत, म्हणून नुसतं ‘तुम्ही’ म्हणते.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लेखात मी वेगवेगळ्या लेआउटचे (लेआउट म्हणजे ड्रिलरने बॉलला भोकं कुठे पाडली ते) दोन बॉल तीन ऑइल पॅटर्नवर, म्हणजे लेनवर तेल पसरायच्या तीन प्रकारांवर, टाकून बघितले होते. तुमचे आक्षेप असे: मी एकाच लेनवर आधी एक बॉल टाकला आणि मग दुसरा, त्यामुळे दुसऱ्याच्या वाट्याला बदललेलं तेल आलं. प्रत्येक पॅटर्नवर एका बॉलचे वीस शॉट फार कमी. लेआउटपेक्षा पृष्ठभागाचा परिणाम मोठा. तक्त्यात एक आकडा आणि मजकुरात दुसरा. आणि सगळ्यात शेवटी, तुमच्याच शब्दांत: ‘लेआउटने फरक पडतो हा ड्रिलरचा धंदा आहे. फरक हातात असतो, आणि तुमचा हात काय आहे ते व्हिडिओत दिसलंच.’

तक्त्याबद्दल तुमचं अगदी बरोबर. पहिल्या बॉलची पिन (इथे पिन म्हणजे बॉलवरचा तो रंगीत ठिपका, कोरचं, म्हणजे आतल्या गाभ्याचं टोक दाखवणारा) पीएपीपासून (फिरण्याच्या अक्षाचं टोक, त्याबद्दल खाली) ५ इंचांवर आहे, तक्त्यात साडेपाच पडलं. चूक माझी. लक्षात आणून दिलंत, आभार.

आता हात.

लेआउटवर वाद घालायला मी केव्हाही तयार आहे. पण ‘तुमचा हात काय आहे ते दिसलंच’ याला माणसाने काय उत्तर द्यायचं? माझा हात चांगला आहे, असं म्हणायचं? मी तसा दावा कुठेच केलेला नाही. मिनिटाला अडीचशेच्या आसपास फेरे, वेग ताशी पंधरा मैलांच्या जवळपास, हे मी लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं. व्हिडिओ मीच टाकला, न कापता. तिसऱ्या आणि अकराव्या शॉटला मनगट पडलं, ते शॉट मी मोजणीत धरले नाहीत, आणि तसं लिहिलंही. ज्याला लपवायचं असतं तो व्हिडिओ टाकत नाही हो.

मला ते वाक्य इतकं का लागलं तेही सांगते, कारण हेच वाक्य मी आधी ऐकलेलं आहे.

पहिला रिॲक्टिव्ह बॉल घेतला तेव्हाची गोष्ट. भोकं पाडणाऱ्याने माझा पीएपी मोजला नाही. पीएपी म्हणजे हातातून सुटताना बॉल ज्या अक्षाभोवती फिरत असतो त्याचं टोक. ते प्रत्येकाचं वेगळं असतं आणि सगळा लेआउट तिथूनच मोजायचा असतो. त्याने ते ग्रिपच्या (बोटांच्या पकडीच्या) मध्यापासून अंदाजाने ५ इंच धरलं आणि ड्रिल चालवलं. पहिल्याच दिवशी बॉल लेनवरून जाताना आवाज यायला लागला. टक्, टक्, टक्, प्रत्येक फेऱ्याला एक. उचलून बघितलं तर तेलाच्या रेषा थेट अनामिकेच्या भोकावर चढलेल्या. भोकाच्या कडेवरून धावणारा बॉल काय हुक (वळण) घेणार? परत घेऊन गेले तर उत्तर मिळालं, ‘बॉलला काही झालेलं नाही, तुमच्या हातात दोष आहे.’ मी ते खरं मानलं. एक अख्खा सीझन मी मनगट सुधारत बसले. पट्टा बांधला, स्टान्स बदलला, घरी आरशासमोर हात झुलवला.

मग दुसऱ्या एका ड्रिलरने बॉलवर पांढऱ्या चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावला आणि मला टाकायला सांगितलं. तो मागे उभा राहून बघत होता. तुकडा गोल गोल डगमगला की तो अर्धा इंच सरकवायचा आणि पुन्हा टाकायला लावायचा. पाचव्या की सहाव्या वेळी तो पांढरा ठिपका जागच्या जागी फिरताना दिसला, लट्टूच्या टोकासारखा स्थिर. मोजलं तर पावणेसहा इंच. माझा ट्रॅक (बॉलचा लेनला टेकणारा पट्टा) ग्रिपच्या इतक्या जवळून जातो की पाऊण इंचाची चूक मला परवडणारीच नव्हती. पुढचा बॉल त्या मापाने ड्रिल झाला. हात तोच होता, मनगट तेच होतं आणि टकटक बंद झाली. तेव्हा ‘फरक हातात असतो’ हे मला कोणी ऐकवू नये. मी ते एक सीझनभर ऐकून घेतलं आहे.

आता मी केलेल्या तुलनेबद्दल. दोन्ही बॉल एकाच मॉडेलचे, दोन्ही १५ पौंडांचे, कोर सममित. दोन्हींचा पृष्ठभाग त्याच सकाळी २००० च्या पॅडने घासलेला. एकाची पिन पीएपीपासून ५ इंचांवर आणि बोटांच्या भोकांच्या वर. दुसऱ्याची साडेतीन इंचांवर आणि बोटांच्या खाली.

शॉट झाल्यावर बॉल परत आला की मी तो टॉवेलने पुसायच्या आधी दिव्याखाली धरला. तेलाच्या रिंगा पंख्यासारख्या उलगडलेल्या असतात, दोन ठिकाणी एकत्र येतात आणि मधे पसरतात. हाच फ्लेअर. अक्ष हळूहळू सरकत जातो, म्हणून प्रत्येक फेऱ्याला बॉलचा कोरडा, ताजा भाग लेनला लागतो. पिन पीएपीवर असेल किंवा पावणेसात इंचांवर असेल तर फ्लेअर जवळजवळ शून्य. सर्वांत जास्त मधोमध, ३.३७५ इंचांवर. बॉलचा घेर साधारण २७ इंच, त्याचा हा आठवा भाग. माझ्या पहिल्या बॉलवर पसरलेल्या भागात दोन रिंगांमधलं अंतर पाव इंचाच्या आसपास होतं. दुसऱ्यावर जवळपास अर्धा इंच. फोटो लेखात आहेत, शेजारी टेप ठेवून काढलेले. दोन्ही बॉल त्याच हाताने, काही मिनिटांच्या अंतराने टाकलेले. फरक फक्त हातात असता तर दोन्हींवर सारख्याच रिंगा उमटल्या असत्या. या फोटोंबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही.

आणि हा फरक सगळीकडे सारखा दिसतो असं मी कुठे म्हटलं? उलट हाउस पॅटर्नवर (सेंटरमध्ये नेहमी घालतात त्या) तो जेमतेम दिसला, हे मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं. तिथे मधे तेल भरपूर आणि कडेचे बोर्ड (लेनच्या उभ्या पट्ट्या) कोरडे. बॉल थोडा बाहेर गेला तर कोरडा भाग त्याला परत आणतो, थोडा आत राहिला तर तेल त्याला धरून ठेवतं. दोन्ही बॉल पॉकेटमध्ये (पहिल्या आणि तिसऱ्या पिनच्या मधल्या जागेत) येत होते. खरी गंमत आखूड आणि लांब पॅटर्नवर. ३५ फुटांच्या पॅटर्नवर, पॅटर्नच्या लांबीतून ३१ वजा करायच्या नियमाने, बॉल तेलातून कडेपासून चौथ्या बोर्डाच्या आसपास बाहेर पडायला हवा. तिथे पुढे २५ फूट कोरडी लेन. पिन वर असलेला बॉल तेल संपताच झटका देऊन आत उडी मारायचा, कधी हेडपिनच्या (सर्वांत पुढच्या पिनच्या) समोर, कधी पार डावीकडे. पिन खाली असलेला बॉल आधीच लोळायला लागलेला असायचा, त्याचं वळण गोल आणि अंदाजात बसणारं. ४४ फुटांवर बाहेर पडायचा बोर्ड तेरावा. तिथे पिन वरचा बॉल घसरत राहिला, वळायला जागाच उरली नाही, पॉकेटमध्ये सपाट घुसला आणि दहा नंबरची पिन उभी राहिली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. पिन खालच्याने लेनच्या मध्यावरच पकड घेतली आणि कोन थोडा का होईना, मिळाला. अडीचशे फेऱ्यांच्या हाताला हा थोडा कोन फार मोलाचा असतो. ज्यांचे फेरे साडेचारशेच्या वर आहेत त्यांना कदाचित कळणारही नाही. तुम्ही त्यांतले असाल तर अभिनंदन, पण मग माझ्यासारख्यांच्या वतीने निकाल देऊ नका.

बाकीचे मुद्दे. पृष्ठभाग महत्त्वाचा, हे मलाही ठाऊक आहे. यूएसबीसीच्या (अमेरिकेतल्या बोलिंगचे नियम करणाऱ्या संस्थेच्या) बॉल मोशनच्या अभ्यासातही तोच सर्वांत वर आला होता. म्हणूनच तर दोन्ही बॉल एकाच पॅडने घासले. शॉट वीस की चाळीस, हे मोजत बसलं तर कधीच काही लिहून होणार नाही. तेल सरकतं, हे तर पहिल्या महिन्यात शिकवतात. पुढच्या वेळी क्रम उलटा करून बघीन.

‘ड्रिलरचा धंदा’ या शब्दांबद्दल मात्र बोलायलाच हवं. १ ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसीच्या नियमांत बॅलन्स होल बंद झालं. त्याआधी लेआउट जरा चुकला तर एक जास्तीचं भोक पाडून बॉलचा स्वभाव थोडाफार बदलता यायचा. आता ती सोय गेली. पिन कुठे बसली यात चूक झाली तर भोकं बुजवायची आणि पहिल्यापासून ड्रिल करायचं. पीएपी मोजायला वेळ काढणारा, रिंगा बघितल्याशिवाय ड्रिल हातात न घेणारा माणूस काय कष्ट घेतो ते मी जवळून पाहिलं आहे. त्याच्या कामाला एका ओळीत भ्रम ठरवणं मला पटलं नाही आणि पटणारही नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. माझी एवढीच विनंती आहे की लेआउटने फरक पडत नाही असं खरंच वाटत असेल तर तुमच्याकडचे वेगवेगळ्या लेआउटचे दोन बॉल घ्या, पृष्ठभाग सारखा करा, टाका, आणि पुसायच्या आधी रिंगांमधलं अंतर मोजा. आकडे इथेच लिहा, सोबत तुमचा पीएपीही. आणि हो, व्हिडिओ टाका. मी तुमच्या हाताबद्दल काहीही बोलणार नाही.

तक्त्यातलं साडेपाच आज सकाळीच पाच केलं आहे.