दिग्गजाशी ‘सहज म्हणून’ गोल्फ

अभिनंदन. एका निवृत्त दिग्गज खेळाडूने तुम्हाला गोल्फ खेळायला बोलावलं आहे. निरोपात ‘फ्रेंडली मॅच’ असे शब्द आहेत आणि पुढे ‘सहज म्हणून’ अशी पुस्ती. ज्या माणसाने वीस वर्षं एकही सामना सहज म्हणून खेळला नाही, त्याचा हा निरोप आहे, एवढं ध्यानात घ्या आणि लगेच विसरून जा. ध्यानात राहिलं तर तुम्ही जाणार नाही, आणि गेलाच नाहीत तर माझा पुढचा सगळा सल्ला वाया.

सरावाच्या भानगडीत पडू नका. आधी किस्सा तयार करा. सामना जेमतेम चार तासांचा, किस्सा उरलेलं आयुष्य पुरवायचा. मेहनत कुठे घ्यायची हे हिशेबी माणसाला सांगावं लागत नाही. दोन आवृत्त्या करून ठेवा. पहिली, ‘मी त्यांना हरवलं.’ दुसरी, ‘म्हटलं जाऊ दे, मोठा माणूस आहे, मुद्दामच हरलो.’ तिसरीही एक शक्यता असते: जीव तोडून खेळलो आणि सपाटून मार खाल्ला. ती किश्शात शोभत नाही, म्हणून तिची तयारी करू नका. ती तयारीशिवायही उत्तम पार पडते.

पहिल्या आवृत्तीला टेकू म्हणून एक तर्क लागेल. तो असा: ‘त्यांचा खेळ वेगळा होता. गोल्फमध्ये चेंडू जागच्या जागी पडलेला. समोरून कोणी टाकत नाही, कोणी अंगावर धावून येत नाही. इथे तेही हौशी, आपणही हौशी.’ तर्क सुंदर आहे, पण प्रकृतीने नाजूक. त्याला इतिहासाचा वारा लागू देऊ नका. एल्सवर्थ व्हाइन्सचं नाव तर काढूच नका. १९३२ साली विम्बल्डन जिंकलेला हा गडी पुढे रॅकेट ठेवून गोल्फकडे वळला आणि १९५१ च्या पीजीए चॅम्पियनशिप या व्यावसायिकांच्या मोठ्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेला. बेब डिड्रिक्सनचंही नको. त्याच १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये भालाफेक आणि अडथळ्यांची शर्यत अशी दोन सुवर्णपदकं घेतलेल्या या बाईने नंतर गोल्फमधल्या दहा मोठ्या स्पर्धा जिंकल्या. त्यातली १९५४ ची अमेरिकन महिला ओपन कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर, बारा फटक्यांच्या फरकाने. जॉन स्मोल्ट्झ हा बेसबॉलचा गोलंदाज २०१८ साली ज्येष्ठ गोल्फपटूंच्या यूएस सीनियर ओपनसाठी पात्र ठरला. आपले कपिल देव क्रिकेट सोडल्यावर गोल्फमध्ये असे रमले की २०२४ मध्ये व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. धीर हवाच असेल तर चार्ल्स बार्कलीला आठवा. बास्केटबॉलमधला एवढा दांडगा खेळाडू, पण गोल्फमध्ये त्याचा स्विंग, म्हणजे काठी फिरवणं, वर्षानुवर्षं खाली येता येता मधेच अडकत असे. आदल्या रात्री उजळणी फक्त त्याची करा.

आता हँडिकॅप, म्हणजे खेळाडू किती कच्चा याचा आकडा. सामना खरं तर इथेच होतो, बाकीचं सगळं पायी चालणं. कागदावर ही व्यवस्था फार दयाळू आहे. जो कच्चा त्याचा आकडा मोठा, जास्तीत जास्त ५४ पर्यंत. दोघांच्या आकड्यांत जेवढा फरक, तेवढे फटके कच्च्या भिडूला सूट म्हणून मिळतात, तेही सर्वांत अवघड होलपासून (होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून भोकापर्यंतचा एक टप्पा, असे अठरा) सुरुवात करून. तुमचा खरा आकडा २६ आहे. सरांचा, म्हणजे त्या दिग्गजाचा, ८. म्हणजे १८ फटके, दर होलला एक. पण पहिल्या टीवर, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात तिथे, सर विचारतात, “तुमचा किती?” आणि इतक्या मोठ्या माणसासमोर तुमच्या तोंडून २६ निघत नाही. तुम्ही म्हणता, “अठराच्या आसपास.” सर नम्रपणे म्हणतात, “आमचं काय, बारा धरा. आज डावा गुडघाही कुरकुरतोय, जरा सांभाळून घ्या.” फरक उरला सहाचा. एकही चेंडू न मारता तुम्ही बारा फटके दान केलेत. तुम्ही फुशारकीपोटी थाप मारलीत, त्यांनी विनयापोटी. जगात सहसा फुशारकी महाग पडते आणि विनय स्वस्तात सुटतो, तेच इथे झालं. (स्कोअरकार्डवर आकडे लिहिताना काठ्यांची पिशवी वाहणारा कॅडी दूर कुठेतरी बघत असेल. त्याने हे पूर्वीही लिहिलेलं आहे.)

गुडघ्याची चौकशी मात्र आपुलकीने करा. किश्शात ती तुमच्या मनाचा मोठेपणा दाखवायला लागेल.

पहिला फटका सगळ्यांच्या देखत मारायचा असतो. तुमचा चेंडू उजवीकडे वळत जाणार, कारण क्लबचा, म्हणजे काठीचा, चेहरा स्विंगच्या दिशेच्या मानाने उघडा राहतो. त्यावर तुमचा ठरलेला उपाय आहेच, थोडं डावीकडे तोंड करून उभं राहायचं. त्याने स्विंग बाहेरून आत आणखी तिरका येतो आणि चेंडू आणखी उजवीकडे जातो. मग आणखी डावीकडे वळा. काही होलनंतर तुम्ही जवळजवळ मागच्या भिडूंकडे तोंड करून उभे असाल, पण निष्ठा सोडू नका. चेंडू गवतात गडप झाल्यावर शोधायला नियमाने तीन मिनिटं मिळतात. २०१९ पूर्वी पाच मिळत. ही तीन मिनिटं फार मोलाची. ज्यांचं पोस्टर तुम्ही कधीकाळी भिंतीवर लावलं होतं, ते सर त्या गुडघ्यासकट ओणवे होऊन तुमचा चेंडू हुडकत असतात, आणि त्यांनाच तो सापडतो. त्यांना हरणारा भिडू आवडतो, पण चेंडू हरवून आधीच बाहेर पडलेला आवडत नाही.

सातव्या होलवर तुमच्या हातून एक चांगला फटका जाईल. कारण विचारू नका, अठरा होलमध्ये असा एक जातोच. चेंडू सरळ उठेल, ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक हिरवळीवर, अलगद उतरेल. सर थांबतील, तुमच्याकडे नीट बघतील आणि म्हणतील, “तुम्ही लहानपणी कुठला तरी खेळ गंभीरपणे खेळलेले दिसता.” हे वाक्य जपून ठेवा, पुढे तेच तुमच्या किश्शाचा कळस. तूर्त त्याचा परिणाम एवढाच होईल की आठव्या होलपासून तुम्ही स्वतःकडे बघू लागाल. मनगट कसं वळलं, खांदा किती फिरला, डोकं स्थिर होतं का. आपण चांगले का खेळलो याचा विचार सुरू झाला की पुढचे तीन होल कसे जातात हे गोल्फ खेळणाऱ्या कुणालाही विचारा. सरांनी ते मुद्दाम म्हटलं असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की भिडूला हातातल्या हत्याराने मारायचं तसंच कौतुकानेही मारायचं, हे वीस वर्षं मैदानावर काढलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

कमी फटक्यांत भोक गाठेल त्याचा होल, जास्त होल जिंकेल त्याचा सामना; या हिशेबाने इथवर तुम्ही तीन होलने मागे असाल. आता दुसरी आवृत्ती बाहेर काढा: मुद्दाम हरणं. त्याला मुळात जिंकत असावं लागतं, पण इतकं काटेकोर होऊ नका. अकराव्यावर आठ फुटांचा पट (ग्रीनवरून चेंडू भोकाकडे ढकलायचा हलका फटका) चुकवायचा ठरवा. ठरवलंत की मन हलकं होईल, मनगट सैल पडेल, आणि दिवसभर रुसलेला चेंडू थेट भोकात जाईल. फजिती इथे संपत नाही. समोरच्याचा मनसुबा त्याच्या खांद्यावरून ओळखणं हाच ज्यांचा धंदा होता, त्यांनी तुम्ही चुकवायला गेला होतात हे ओळखलेलं असतं. सर काही बोलत नाहीत. फक्त बाराव्या होलच्या चढावर ते तुमच्या पुढे झपाझप चालत जातात आणि गुडघ्याचा कुठे मागमूस नसतो.

छोटे पट सोडून देण्याविषयी थोडं. चेंडू भोकाजवळ असला की प्रतिस्पर्धी ‘राहू दे, धरला’ म्हणू शकतो. नियमाने ही सवलत नाकारता येत नाही आणि मागेही घेता येत नाही. १९६९ च्या रायडर कपमध्ये, अमेरिका आणि ब्रिटन यांच्या संघांच्या लढतीत, अखेरच्या होलवर अमेरिकेच्या जॅक निकलॉसने ब्रिटनच्या टोनी जॅकलिनचा छोटा पट असाच सोडून दिला आणि सामना १६-१६ असा बरोबरीत सुटला. खिलाडूवृत्तीचं उदाहरण म्हणून ही गोष्ट अजून सांगतात. निकलॉसचा स्वतःचा कर्णधार सॅम स्नीड त्यावर नाराज झाला, हे जरा हळू आवाजात सांगतात. तुम्ही निकलॉसचा कित्ता गिरवा. सरांचे चार-चार फुटांचे पट ‘अहो सर, राहू द्या’ म्हणून सोडा. सरही तुमचे सोडतील. पहिल्यावर दोन फुटांचा, तिसऱ्यावर दोन फुटांचा, नवव्यावर अडीच फुटांचा. मग चौदाव्या होलवर, ते चारने पुढे असताना आणि पाच होल उरलेले असताना, तो होल बरोबरीत सोडवायला तुम्हाला दोन फुटांचा पट लागेल. तुम्ही सरांकडे बघाल. सर झाडांकडे बघत असतील. झाडं छान आहेत, त्यात वाद नाही. भोकाचा व्यास १०८ मिलिमीटर, चेंडूचा सुमारे ४३, जागा भरपूर. पण सकाळपासून दोन फुटांचा एकही पट तुम्ही प्रत्यक्ष मारलेला नाही, हे तुम्हाला त्या क्षणी कळेल. सरांना ते पहिल्या होलपासून माहीत होतं.

‘पाच-चार’ने संपलं म्हणायची पद्धत आहे: पाचने पुढे, चार होल शिल्लक. उरलेले चारही जरूर खेळा. सर फोनवर बोलत बोलत खेळतील आणि त्यातले दोन तुम्ही जिंकाल. किस्सा सांगताना सुरुवात तिथून करायची. “शेवटच्या टप्प्यात मी त्यांना वर डोकं काढू दिलं नाही,” या वाक्यात एक अक्षर खोटं नाही. फोटोत सर तुमच्या खांद्यावर हात ठेवतील आणि तुमचं नाव विचारतील. फोटोत आवाज येत नाही.

मग एके दिवशी चार माणसांत तुम्ही सातव्या होलपर्यंत रंगात आला असाल. “सर थांबले, माझ्याकडे नीट बघितलं, आणि म्हणाले, तुम्ही लहानपणी...” तेवढ्यात कोपऱ्यातला एक गृहस्थ, ज्याच्या हाताला रिमोटशिवाय काही शोभणार नाही असं तुमचं मत होतं, वाक्य पुरं करेल: “...कुठला तरी खेळ गंभीरपणे खेळलेले दिसता.” तोही सरांबरोबर खेळलेला निघेल. तोही मुद्दाम हरलेला निघेल. अशा वेळी चिडू नका, त्याला खोटं पाडू नका. खुर्ची त्याच्याजवळ ओढा आणि हळूच विचारा, तुमच्या वेळी गुडघा कुठला होता? माझ्या वेळी डावा होता.