ओरिजिनल व्हिएतनामी पाहिजे म्हणे!

आज दुपारी आमच्या सेक्टरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका गृहस्थांनी एक फोटो टाकला. नवी मुंबईत कोपरखैरण्याला, गॅरेज आणि झेरॉक्सच्या दुकानामध्ये जे छोटं व्हिएतनामी हॉटेल आहे ना, तिथल्या वाडग्याचा. खाली मजकूर: ‘एक स्टार. आम्ही नुकतेच व्हिएतनामला जाऊन आलो. हे ओरिजिनल नाही. बनवणारासुद्धा तिथला नाही. शुद्ध फसवणूक.’ त्यावर भराभर अंगठे.

आता या गृहस्थांच्या सहलीचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. पाहावेच लागले. बा ना हिल्सचा तो दोन हातांनी धरलेला सोनेरी पूल, हालाँग बेची बोट, डोक्यावर निमुळती टोपी. आणि जेवणाचे? दानांगला डाळ-भात, हनोईत पनीर, बोटीत घरून नेलेले ठेपले. ‘रोज भारतीय जेवण’ असं ठळक अक्षरात छापलेली सहलीची जाहिरात यांनीच ग्रुपवर टाकली होती. व्हिएतनामात जाऊन तिथला एक घास ज्यांनी खाल्ला नाही, ते इथे सेक्टरात येऊन परीक्षक!

मी मागच्या पावसाळ्यात आमच्या आप्पांना त्या हॉटेलात ओढून नेलं होतं. गुडघ्यांमुळे ते फार बाहेर पडत नाहीत, हॉटेलात तर नाहीच. ‘घरात चूल हाय की’ हे ठरलेलं उत्तर. मी दोघांना चिकन फो, म्हणजे तिथलं नूडल्स घातलेलं सूप, मागवला. वाडगा आला, वाफ तोंडावर आली आणि आप्पा थबकले. चमचा न उचलता नुसते वास घेत बसले. मग म्हणाले, ‘ह्यात चक्रीफूल हाय. दालचिनी बी हाय, पर जाड सालीची. ह्यो माल व्हेतनामचा.’

मला वाटलं, पाटी वाचली असेल. पण पाटी इंग्रजीत आहे आणि आप्पांना इंग्रजी वाचता येत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आप्पा माथाडी. आधी मशीद बंदरला, मग बाजार वाशीला आला तसे टोळीबरोबर तेही मसाला मार्केटात आले. कोपरखैरण्यातलं आमचं घर त्या पाठीवरच उभं आहे. पाटण तालुक्यातला माणूस, शाळा जेमतेम, पण पोत्यांचा भूगोल तोंडपाठ. हळद सांगलीची, जिरं उंझ्याचं, धने रामगंजमंडीचे, मिरची गुंटूरची, चक्रीफूल व्हिएतनामचं. कुठला माल ते मेहताजी ओरडून सांगायचा, ते यांच्या पाठीला पाठ झालं. चक्रीफुलाला फारसं वजन नसतं, पण टोकं पोत्यातून टोचतात, हेही त्यांनी त्या दिवशी फो खाता खाताच सांगितलं. घरात इतकी वर्षं गरम मसाला होतोय, तेव्हा कधी बोलले नाहीत.

तर त्या वाडग्यात काय असतं? कोंबडीची हाडं मंद आचेवर तासन्‌तास शिजवायची, वर येणारा फेस काढत राहायचा. कांदा आणि आलं आधी विस्तवावर काळं होईपर्यंत भाजायचं. चक्रीफूल, दालचिनी, लवंग, धने, मसाला वेलची. म्हणजे आपलाच मसाल्याचा डबा, फक्त कुटायचा नाही, अख्खा सोडायचा आणि गाळून घ्यायचं. चक्रीफूल तिकडे उत्तरेत लांगसोनला पिकतं, दालचिनी येनबायला, आणि भारत त्याचं मोठं गिऱ्हाईक. मासळी आणि मीठ पिंपात महिनोन्‌महिने मुरवून केलेलं ते सॉस इथला आचारी जपून घालतो, कारण लोकांना वास येतो म्हणे. आगरी-कोळ्यांच्या जमिनीवर इमारती बांधून राहायचं आणि मासळीचा वास येतो म्हणायचं! असो, तो विषय वेगळा. त्यावर लिहायला लागले तर रात्र होईल.

आणि ओरिजिनल म्हणजे नक्की कुठलं हो? फो काही वेदकाळापासून चालत आलेला नाही. उत्तर व्हिएतनामात, नामदिन्ह-हनोईकडे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो आकाराला आला, तेही फ्रेंचांच्या राजवटीत. १९५४ मध्ये देशाचे दोन तुकडे झाले, उत्तरेतून दहा लाखांच्या घरात माणसं दक्षिणेत गेली, तेव्हा फो त्यांच्याबरोबर सायगॉनला जाऊन रुजला. तिथल्यांनी त्यात गोडवा वाढवला, बाजूला तुळशीची पानं, मोडांची ताटली, सॉसच्या बाटल्या मांडल्या. हनोईवाले अजून त्यावरून नाकं मुरडतात. बान्ह मी म्हणजे तिथलं सँडविच, त्याचा पाव फ्रेंचांचा. कॉफीही फ्रेंचांनी नेलेली, आणि त्यात डब्यातलं घट्ट गोड दूध, कारण ताज्या दुधाची तिथे तेव्हा वानवा. मग यातलं ओरिजिनल काय ते गृहस्थांनी आम्हाला समजवावं.

शिवाय तिथला गाजलेला फो बीफचा असतो. २०१५ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात गोवंशाची कत्तल गुन्हा आहे, आणि इथे कापलेल्याचं मांस जवळ बाळगणंही. हॉटेलवाल्या पोरांनी अगदी ओरिजिनल वाढला असता, तर हेच गृहस्थ पोलीस घेऊन आले असते. कोंबडीचा फो हनोईतही मिळतो, पण त्यासाठी तिथे पनीर सोडून इकडेतिकडे बघावं लागतं.

बान्ह मीचा पाव तिथल्यासारखा कुरकुरीत नसतो, मान्य. इथल्या बेकरीचा लांब पाव आहे तो. पनीर फो नावाचा प्रकार मलाही बघवत नाही. पंखा एकच आहे. झालं?

आता खरं ज्यानं डोकं फिरलं ते. ‘बनवणारासुद्धा तिथला नाही.’ आचारी कालिम्पाँगचा आहे, म्हणजे उत्तर बंगालच्या डोंगरातला. हॉटेल नवीन होतं तेव्हा लोक त्याच्याबरोबर सेल्फी काढायचे, ‘फ्रॉम व्हिएतनाम?’ विचारायचे. तो कालिम्पाँग म्हणाला की तोंडं उतरायची. म्हणजे नुसता चेहरा बघून तुम्ही त्याला परदेशी ठरवलात, आणि तो आपल्याच देशाचा निघाला म्हणून तुमची फसवणूक झाली! उडप्याच्या हॉटेलात पंजाबी भाजी कोण करतो, ते बघायला कधी आत गेलात? कोपऱ्यावरच्या गाडीवर शेजवान राइस खाताना त्या भैयाकडे चीनचा पासपोर्ट मागितलात? लाज कशी वाटत नाही?

आप्पांनी त्याला एकच प्रश्न विचारला होता. तो पाणी द्यायला आला तेव्हा मोडक्या हिंदीत म्हणाले, ‘बडी इलायची तुम्हारे उधर की ना? सिलीगुडी का माल.’ तो पोरगा नुसता बघत राहिला. त्याच्या घरामागच्या उतारावर वेलचीच आहे. मग पलीकडच्या टेबलाची ऑर्डर विसरून दोघं वेलची कशी सुकवतात, भट्टीच्या धुराचा वास का येतो, भाव कधी पडला, यावर बोलत बसले. मला कुणी विचारलंही नाही. तिथल्या सगळ्या गिऱ्हाइकांत त्या वाडग्यातल्या मालाची खरी माहिती असलेली माणसं दोनच होती, आणि ती दोघंही कधी व्हिएतनामला गेलेली नाहीत.

बिल आलं तेव्हा आप्पांनी माझ्याकडे बघितलं. ‘एकशेऐंशी? पाण्याचं?’ मी म्हटलं, मॉलमध्ये हाच वाडगा साडेपाचशेला मिळतो. तर म्हणाले, ‘मग तिथल्यांना हितं पाठीव.’ वाडगा मात्र चाटूनपुसून साफ केला होता, आणि हल्ली दर रविवारी ‘त्या पोराकडं जायाचं का?’ असं तेच विचारतात.

ग्रुपवर मी यातलं काहीच लिहिलं नाही. ॲडमिन माझ्या नणंदेचे मिस्टर आहेत, घरात वाद नको. म्हणून इथे लिहिते आहे, आणि ते गृहस्थ माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत हे मला माहीत आहे.

सोमवारी हॉटेल बंद असतं. मंगळवारी संध्याकाळी आम्ही जातोय, आप्पाही येणार आहेत. कुणाला यायचं असेल तर साडेसातच्या आत या, नंतर जागा मिळत नाही. आणि पनीर मागवणार असाल तर कृपया पलीकडच्या टेबलावर बसा.