‘ड्रोन नाही, डान्स नाही’ : आमच्या कामावरच्या एका परीक्षणाला उत्तर

दादा, नमस्कार.

आमच्या स्टुडिओला तुम्ही एक तारा दिलात, पण त्याचबरोबर सविस्तर लिहिलंत. म्हणून मीही सविस्तर लिहितो. इतर मंडळी वाचतील त्यांच्यासाठी तुमची तक्रार थोडक्यात : आईवरच्या गाण्याच्या व्हिडिओत ड्रोनचा एकही शॉट नाही, डान्स नाही. महाबळेश्वर राहिलं, आपला सोलापूरचा सिद्धेश्वर तलावसुद्धा दिसत नाही. आईच्या भूमिकेत अभिनेत्री न घेता विडी कामगार मावशी घेतल्या आणि अर्धं गाणं होईपर्यंत त्यांचा चेहराच येत नाही. रंग फिके. शेवटच्या कडव्यात ‘नुसता स्पीड कमी केलाय’. आणि शेवटी, ‘गाण्याचा व्हिडिओ मागितला, यांनी डॉक्युमेंटरी दिली.’

चेहऱ्यापासून सुरुवात करतो, कारण सगळा व्हिडिओ त्याच एका निर्णयावर उभा आहे.

गाणं तुमच्या धाकट्या भावाने लिहिलंय. पहिल्या कडव्यात कोण बोलतंय? रात्री जमिनीवर अंथरुणात पडलेलं, कात्रीच्या आवाजावर झोपी जाणारं लेकरू. त्या लेकराला आईचा चेहरा दिसत नाही. त्याला दिसते सुपाची कड, मांडीवर वाकलेले हात, मापाचा पत्रा ठेवून कापलेलं पान आणि खाली पडणारे पानाचे तुकडे. म्हणून सुरुवातीचा सगळा भाग आम्ही कॅमेरा फरशीपासून वीतभर उंचीवर ठेवून घेतला. ‘आई’ हा शब्द गाण्यात फार उशिरा येतो. कवीने तो मुद्दाम राखून ठेवलाय, आणि मला विचाराल तर या गाण्यातली सर्वांत मोठी ताकद तीच आहे. शब्द राखून ठेवलेला असताना चित्राने पहिल्याच सेकंदाला चेहरा दाखवून टाकला असता, तर भावाची मेहनत वाया गेली असती. शब्द येतो तिथेच चेहरा येतो. त्या जागी दाराकडून आलेला सकाळचा उजेड आहे, आणि तो उजेड परतवायला समोरच्या बाजूला थर्मोकोलचा एक तुकडा धरलाय. बाकी एकही दिवा लावलेला नाही.

मावशींऐवजी अभिनेत्री का नाही? पान ओलसर असताना कापायचं, तंबाखू भरायची, बोटांनी वळायची, दोरा गुंडाळायचा, तोंड बंद करायचं. हे सगळं मावशी खाली न बघता करतात. तो वेग वर्षानुवर्षं केल्याशिवाय येत नाही. चांगल्यातली चांगली अभिनेत्री आणली असती तरी तिचे हात अडखळले असते, आणि इथे तर हातच मुख्य भूमिकेत आहेत. सोलापुरात हा व्हिडिओ जे बघणार त्यांच्यातल्या कितीतरी जणांची आई, आजी, आत्या हेच काम करत आली. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांची दहा हजार घरं आहेत. त्या घरांतल्या माणसांना खोटा हात लगेच ओळखू येतो.

आता लयीचं. गाण्याचा वेग मिनिटाला 100 ठोके. आम्ही सेकंदाला 25 फ्रेमने, म्हणजे 25 स्थिर चित्रं घेत, शूट केलं, म्हणजे एका ठोक्याला बरोबर 15 फ्रेम मिळतात. 25 घेण्याचं आणखी एक कारण आहे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे खोलीतल्या जुन्या ट्यूबलाइटखाली 25 फ्रेम आणि शटर सेकंदाचा एक पन्नासांश ठेवलं की चित्र फडफडत नाही. कात्री मिटते ती नेमकी ठोक्यावर, आणि शॉट बदलतो तो मात्र बहुतेक वेळा दोन ठोक्यांच्या मध्ये. प्रत्येक ठोक्याला शॉट कापला की बघणारा थोड्याच वेळात थकतो, त्याला पुढचा कट आधीच कळू लागतो. हात ठोका देतो आणि कट त्याच्या मागून हळूच येतो, म्हणून गाणं श्वास घेतं. एडिटिंगमध्ये सर्वाधिक वेळ यातच गेला, आणि मला याचा अभिमान आहे.

ही काही आमचीच टूम नाही. फ्रेंच दिग्दर्शक मिशेल गॉन्ड्री यांनी केमिकल ब्रदर्स या इंग्लिश बँडच्या ‘स्टार गिटार’साठी 2002 मध्ये जो व्हिडिओ केला, त्यात धावत्या रेल्वेच्या खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्याशिवाय काहीच नाही. पण नीट बघा, खांब, इमारती, पूल, सगळे ठोक्याबरोबर येतात आणि जातात. एक वाद्य वाढलं की बाहेर एक वस्तू वाढते. 1990 मध्ये दिग्दर्शक जॉन मेबरी यांनी गायिका शिनेड ओ’कॉनरच्या ‘नथिंग कम्पेअर्स टू यू’मध्ये जवळजवळ सगळं गाणं एका चेहऱ्यावर ठेवलं. तिथे चेहरा हवा होता, कारण गाणं समोरच्याला उद्देशून आहे. आपलं गाणं लेकराच्या आठवणीचं आहे, त्यात चेहरा उशिरा हवा. दोन्ही ठिकाणी नियम एकच : चित्राने गाण्याला विचारायचं, मग चौकट लावायची.

आणि आपल्याला हे परदेशातून शिकायला नको. 1959 च्या ‘कागज के फूल’मधलं ‘वक्त ने किया’ आठवा. रिकामा स्टुडिओ, जवळजवळ न हलणारी दोन माणसं, आणि वरून उतरणारा प्रकाशाचा एक झोत. छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींनी तो आरशांवरून ऊन परावर्तित करून आणला होता. त्यात नाच नाही, बागबगीचा नाही. तरी ते गाणं डोळ्यांपुढून जात नाही.

‘नुसता स्पीड कमी केलाय’ हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण त्यासाठी तुमच्या भावाने घाम गाळलाय. नुसता वेग कमी केला असता तर ओठही मंद झाले असते आणि गाण्याशी जुळले नसते. त्या कडव्यासाठी आम्ही सेकंदाला 50 फ्रेमने शूट केलं आणि सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवलं. भाऊ त्या दुप्पट वेगावर ओठ जुळवत होता. नंतर तेच चित्र 25 फ्रेमने चालवलं की ओठ मूळ गाण्याबरोबर येतात, आणि केस, ओढणी, हवेत उडणारा तंबाखूचा धुरळा मात्र निम्म्या वेगाने हलतात. त्यामुळे तो जागा असूनही स्वप्नात असल्यासारखा दिसतो. दुप्पट वेगाने शब्द म्हणताना डोळे शांत ठेवायचे, हे फार अवघड असतं. त्याने ते केलं. पुन्हा एकदा ते कडवं फक्त त्याच्या डोळ्यांकडे लक्ष ठेवून बघा, एवढीच विनंती.

ड्रोनबद्दल. होटगी रोडचा विमानतळ शहराला लागून आहे, आणि 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाभोवती बंधनं येतात. ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर लाल, पिवळे, हिरवे पट्टे सगळ्यांना बघता येतात. पण मी नियमाआड लपणार नाही. परवानगी हातात असती तरी या गाण्यात ड्रोन लावला नसता. लहान मूल आईकडे आकाशातून बघत नाही. उद्या कुणी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेवर गाणं आणलं, सातही नंदीध्वज आणि भोवतीची पांढऱ्या बाराबंदीतली गर्दी दाखवायची असली, तर वरून बघण्यासारखं दुसरं काही नाही, आणि तिथे परवानगीसाठी आम्हीच धावपळ करू. सिद्धेश्वर तलावाचंही तसंच. तलाव सुंदर आहे, सोलापूरकर म्हणून माझा जीव आहे त्याच्यावर. पण गाण्यातलं लेकरू खोलीबाहेर जातच नाही.

महाबळेश्वर, लोणावळा यांबद्दल एवढंच म्हणेन की आपल्याच जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंनी 2016 च्या ‘सैराट’ची गाणी करमाळ्याच्या परिसरात चित्रित केली, आणि अख्ख्या महाराष्ट्राला आपली कोरडी जमीन देखणी वाटली. आपल्याकडचं ऊन कडक, सावल्या काळ्या, भिंतींचे रंग भडक. हे सगळं कॅमेऱ्याला आवडतं. ते पुसून हिरवळ शोधत का फिरायचं?

रंग फिके दिसतात त्याचं एक साधं कारण असू शकतं. घरच्या ग्रुपवर व्हिडिओ व्हॉट्सअॅपवरून फिरतोय असं तुम्हीच लिहिलंय. तिथे फाइल दाबून लहान होते, गडद भागातले बारकावे जातात आणि तेंदूच्या पानाचा हिरवा-तपकिरी रंग मळकट होतो. आम्ही दिलेल्या पेन ड्राइव्हवरची मूळ फाइल टीव्हीवर लावून बघा. मावशींच्या कातडीचा रंग आहे तसा ठेवलाय, तो उजळ करायला मी तयार नव्हतो आणि पुढेही नसेन.

डॉक्युमेंटरीचा आरोप मी मनाला लावून घेत नाही. शूटिंगच्या आधी आपण चित्रफलक (स्टोरीबोर्ड) बघितला, कॅमेऱ्याची उंची, चेहऱ्याची जागा, खोली, सगळं कागदावर होतं आणि त्यावर चर्चाही झाली. तरी पैसे तुमचे आहेत, गाणं तुमच्या घरातलं आहे, म्हणून सांगतो. मूळ फुटेज हार्ड डिस्कवर जपून ठेवलंय, डिस्क घेऊन या, सगळं कॉपी करून देतो, त्याचे पैसे घेणार नाही. तलावाचे, नाचाचे शॉट घालून वेगळी आवृत्ती हवी असेल तर त्याचा खर्च आधी सांगून करू. चेहरा मात्र पहिल्या सेकंदाला आणायचा असेल तर ते एडिटिंग दुसऱ्या कुणाकडून करून घ्या आणि त्यावर आमचं नाव घालू नका.

एक मागणी माझीही आहे. परीक्षणात तुम्ही मावशींबद्दल ‘कॅमेऱ्यासमोर अवघडलेली बाई’ असं लिहिलंय. त्यांची मुलगी कॉलेजात आहे, ती हे पान वाचते. मावशींनी आपलं त्या दिवसाचं काम मागे टाकून आपल्याला वेळ दिला होता आणि तुमच्या भावाला जेवायला वाढलं होतं. तारा एकच राहू द्या, माझ्या कामाबद्दल लिहिलंय तेही तसंच राहू द्या. तेवढं एक वाक्य काढून टाका.