एका स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री मुलीने वाचून दाखवला. ई-रीडर, म्हणजे पुस्तकं वाचायचं यंत्र, घेऊन पंधरा दिवस झाले तरी आप्पांचे डोळे दुखतात, पाणी येतं, हे वाचून वाईट वाटलं. त्यांना झालेल्या त्रासाबद्दल माफी मागतो. ते काय वाचणार आहेत हे मी आधीच विचारायला हवं होतं, ती चूक माझी.

पण 'दुकान बंद करायच्या घाईत, दिवे घालवून, डोळ्यांचा त्रास जाईल असं सांगून गळ्यात मारलं' असं जे लिहिलंय ना, ते फार लागलं.

तुम्ही आलात पावणेनऊला. बोर्डावर वेळ नऊची आहे. शटर मी उतरवलं नऊ चाळीसला. त्या रात्री असोद्याला शेतात आमची भरीत पार्टी होती, भावाचा तीनदा फोन आला, 'भरीत थंड होऊन राह्यलं भो, कुठी हाये तू', आणि तिन्ही वेळा मी तुमच्यासमोरच कट केला. चोपड्याची गाडी तुम्हाला गाठायची होती. दर पाच मिनिटांनी घड्याळ तुम्ही बघत होतात, मी नाही. आता घाई कुणाला होती, हे वाचणाऱ्यांनीच ठरवावं.

दिवे घालवले, हे खरं आहे. का घालवले तेही लिहायचं होतं की. ई-रीडरच्या पडद्याला ई-पेपर म्हणतात, त्याला स्वतःचा उजेड नसतो. आत केसाएवढ्या बारीक कुप्या असतात, त्यात पांढरे आणि काळे कण. विजेच्या ओढीने ते वर-खाली होतात आणि खोलीतला उजेड त्यांच्यावर पडून आपल्याला अक्षर दिसतं, कागदासारखंच. अंधारात कागद दिसत नाही, तसा हाही दिसत नाही. म्हणून कडेला छोटे एलईडी बसवलेले असतात. ते पानावर उजेड पसरवतात, मोबाईलसारखा मागून डोळ्यांवर मारत नाहीत. आता हा उजेड भर ट्यूबलाइटखाली कसा दाखवायचा? आधी ट्यूबखालीच दाखवला होता, तेव्हा 'हा तर छापलेला कागदच वाटतो' असं तुम्हीच म्हणालात.

आणि 'त्रास जाईल' हा शब्द माझा नाही. 'मोबाईलपेक्षा बरं वाटेल' एवढंच मी सगळ्यांना सांगतो. यावर अभ्यास झालेत. 2013 च्या एकात एलसीडीपेक्षा, म्हणजे मागून उजेड असलेल्या पडद्यापेक्षा, ई-पेपरवर डोळे कमी थकले, 2012 च्या एकात दोघांत फरकच दिसला नाही. मग मी छातीठोक कसं सांगेन? एकटक वाचताना माणूस पापणी कमी मिटतो, डोळे कोरडे पडतात. ते कागदावरही होतं. चाळिशीचा चष्मा वेगळाच.

तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून बघितला. पडद्यावर चकचकीत काच लावलेली आहे, तिच्यात तुमच्या घरची ट्यूब आणि पंख्याचं एक पातंसुद्धा दिसतंय. ही काच आमच्याकडची नाही. हा पडदा मुद्दाम खरखरीत, बिनचमकीचा केलेला असतो, त्यावर काच लावली की आरसाच झाला. दुसरं म्हणजे आप्पांची पोथी स्कॅन केलेल्या पीडीएफमधली आहे. ए-फोरचं पान 21 सेंटीमीटर रुंद, आपला सहा इंची पडदा जेमतेम 9. पान अख्खं बसवलं की अक्षर निम्म्याहून लहान होतं, आणि स्कॅनमधलं अक्षर पुस्तकातल्यासारखं वाढवता येत नाही, कारण तो फोटो असतो. मुंगीएवढं अक्षर वाचून तरण्या पोराचेही डोळे दुखतील.

पान उलटताना पडदा काळा होऊन पांढरा होतो म्हणून 'खराब पीस' लिहिलंय. तो पीस खराब नाही. आधीच्या पानाची पुसट सावली मागे राहते, ती पुसायला तसं होतं. किती पानांनी व्हावं ते सेटिंगमध्ये बदलता येतं. ऑनलाइनपेक्षा आठशे जास्त घेतले त्यात कव्हर होतं, बिलावर लिहिलंय, बघून घ्या.

भाऊ, आमचं दुकान दहा बाय अकराचं. चालतं ते चार्जर आणि कव्हरवर. ई-रीडर मी हौसेने ठेवतो, महिन्याला एखादा गेला तर गेला. पण तुमचा रिव्ह्यू सगळ्यात वर दिसतो आणि चार्जर घ्यायला येणाराही तो वाचूनच येतो. फोन केला असता तर मी चोपड्याला आलो असतो.

असो. यापुढे कोण काय वाचणार आहे ते विचारूनच माल देऊ, एक कागदही छापून लावायचा विचार आहे. आप्पांना घेऊन या. काच काढून देतो, पोथी टाइप केलेली मिळाली तर तीच टाकून देतो, नाहीतर पडदा आडवा करून अर्धं-अर्धं पान कसं वाचायचं ते दाखवतो. पैसे लागणार नाहीत. येताना त्यांचा जवळचा चष्मा आणा, आणि जमलं तर साडेआठच्या आत या.